वायंगणाची वई : घालण्याची आणि काढण्याची रीत

पेडण्याची कोजागिरीची पुनव होते, सरदाचे, म्हणजे पावसाळी, भात कापून घरात येते आणि आमच्या गोव्यातल्या वाड्यावर कोयत्यांना धार लागायला सुरुवात होते. शेते रिकामी झाली की गावची गुरे मोकळी सुटतात. ही जुनी रीत आहे, तिच्याबद्दल कुणाची तक्रार नाही. पण त्याच मोकळ्या मळ्यात ज्याला वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचे पीक – मिरची, अळसांदे (चवळी), वांगी किंवा कलिंगड – करायचे असते, त्याला रोप लावण्याआधी वई, म्हणजे तात्पुरते कुंपण, घालावीच लागते. आमच्या बोलीत तिला ‘वंय’ म्हणतात. नोव्हेंबरात ती उभी राहते आणि मिरगाआधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याआधी, तिचा मागमूसही शेतात राहता कामा नये, कारण मग त्याच जागी नांगर फिरायचा असतो.

बाबांनी मला वई घालायला शिकवले तेव्हा पहिल्या दिवशी फक्त गाठी मारून घेतल्या, आणि प्रत्येक गाठ मारली की लगेच सोडायला लावली. जी गाठ हाताने सुटत नाही ती मे महिन्याच्या उन्हात कापावी लागते, आणि कापलेला तुकडा शेतात पडतो. त्या दिवसापासून मी वईचे प्रत्येक काम एकाच प्रश्नावर तपासतो : हे मे महिन्यात निघणार कसे? पुढे जे लिहितो आहे ते सगळे याच प्रश्नाभोवती आहे.

कुणाला अडवायचे आहे?

सामान आणण्याआधी हे ठरवा, कारण एकच वई सगळ्यांना अडवत नाही. गुरांसाठी साडेचार फूट उंची आणि चार पदरी तार पुरते. गाय-बैल वईवर उडी मारत नाहीत, मान घालून रेटतात, त्यामुळे तिथे उंचीपेक्षा मेढीची, म्हणजे वईच्या खांबाची, पकड महत्त्वाची. शेळ्या असतील तर खालचे दोन फूट जाळी हवी. रानडुक्कर वरून येत नाही, नाकाने माती उकरून खालून शिरते, म्हणून त्याच्यासाठी सगळा विचार जमिनीलगतच्या एका फुटाचा करायचा. माकडे आणि मोर यांना तात्पुरती वई अडवू शकत नाही. त्यासाठी राखणच हवी, आणि त्या नावाखाली कुणी महागडी उंच जाळी विकत असेल तर घेऊ नका.

राहिला गवा. सत्तरी, सांगे, काणकोण या भागांतल्या शेतकऱ्यांना तो रोजचा आहे आणि आता इतरत्रही दिसू लागला आहे. मोठा नर ८००-९०० किलोंच्या पुढे जातो; बांबूची वई त्याला सुतासारखी. गवा हा गोव्याचा राज्यप्राणी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याला संरक्षण आहे. त्याचा त्रास असेल तर वनखात्याला कळवणे आणि सौर ऊर्जेवर चालणाऱ्या झटका यंत्राचा विचार करणे हेच मार्ग. त्या यंत्रातून साधारण सेकंदाला एकदा, अगदी क्षणभराचा झटका जातो. जनावर दचकते, मरत नाही. घरातली वीज थेट तारेत सोडणे हा मात्र गुन्हा आहे, आणि त्यात डुकराआधी शेजारचे माणूस मरते. हे कितीही वेळा सांगावे लागले तरी मी सांगत राहीन.

हद्द आणि वाट

गोव्यात शेतजमिनीचे मालक, कूळ, मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) आणि कोमुनिदाद (गावची सामाईक जमीन सांभाळणारी जुनी संस्था) असे अनेक धागे एका तुकड्यात गुंतलेले असतात. वई तात्पुरती असली तरी ती घातल्याने ‘ही जागा आमची’ असा दावा होतो असे शेजाऱ्याला वाटू शकते. म्हणून एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या हक्काची नोंद) आणि सर्व्हे प्लॅन हातात घेऊन, शेजाऱ्याला बरोबर घेऊन मेरेवरून, म्हणजे बांधावरून, एक फेरी मारा. वई मेरेच्या माथ्यावर न घालता आपल्या बाजूला हातभर आत घाला. मेर दोघांची असते, आणि तिच्यात खड्डे पाडले तर पावसात ती फुटते.

पायवाट असेल तर ती कधीही बंद करू नका. मळ्यातून शाळेला, देवळाला, विहिरीवर जाणारी वाट वर्षानुवर्षांची असते. ती अडवली तर प्रकरण मामलेदाराकडे जाते आणि ते जायलाच हवे. वाटेवर बेडे, म्हणजे सरकत्या बांबूंचे फाटक, ठेवायचे, ते कसे करायचे ते पुढे सांगतो. व्हाळ, म्हणजे ओढा, मध्ये येत असेल तर वई व्हाळावरून आडवी नेऊ नका, काठाकाठाने वळवा.

खणण्याआधी आणखी एक बघायचे, ते म्हणजे पंपाची केबल आणि पाण्याचे पाइप. ज्याने ते घातले त्याला विचारा आणि वरून चुन्याची रेघ मारून घ्या. एका वर्षी माझीच पहार आमच्याच पाइपात गेली आणि लावणीच्या ऐन वेळी चार दिवस पाणी बंद राहिले. पाइप मीच पुरला होता, पण कुठून नेला ते आठवणीवर सोडले होते.

सामानाचा हिशेब

एक उदाहरण घेऊन सांगतो. १,००० चौरस मीटरचा मळा, लांबी ४० मीटर आणि रुंदी २५. घेर होतो १३० मीटर. मेढी अडीच मीटरवर धरल्या तर लांब बाजूला १६ गाळे, आखूड बाजूला १०, म्हणजे चारी बाजूंना मिळून ५२ गाळे आणि ५२ मेढी. बेड्यासाठी दोन जादा, म्हणजे ५४. कोपऱ्याला दोन-दोन आणि बेड्याला दोन असे १० टेकू. मोडतोडीसाठी पाच वेगळ्या. एकूण ६९ तुकडे, प्रत्येक २ मीटर लांबीचा. माणगा बांबूच्या एका काठीतून असे तीन तुकडे आणि वर एक शेंड्याची बारीक काठी निघते, म्हणजे २३ काठ्या, २५ आणाव्यात.

तार चार पदरी धरली तर ५२० मीटर, त्यावर पीळ आणि गाठींसाठी दहा टक्के, म्हणजे सुमारे ५७० मीटर. दुकानात तार किलोवर मिळते, आणि इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. गेज म्हणजे जाडीचा आकडा, तो मोठा तितकी तार बारीक. १२ गेजची जीआय (जस्त चढवलेली) तार किलोला साधारण २३ मीटर भरते, १४ गेजची साधारण ३९ मीटर. म्हणजे १२ गेजची २५ किलो, नाहीतर १४ गेजची १५ किलो. गुरांसाठी मी वरचे दोन पदर १२ गेजचे आणि खालचे १४ गेजचे वापरतो, कारण रेटा वर येतो. काटेरी तार सात महिन्यांच्या वईला मी कधीच वापरत नाही. ती गुंडाळताना हात फाडते, गुरांच्या मानेला जखमा करते आणि दुसऱ्या वर्षी सरळ होत नाही.

हिरवी शेडनेट बहुधा ३ मीटर रुंद आणि ५० मीटर लांब गुंडाळीत मिळते. ती मधोमध उभी कापली की दीड मीटर उंचीची १०० मीटर होते. आपल्या १३० मीटरला दोन गुंडाळ्या लागतात, उरते ती रोपवाटिकेवर घालावी. दाट जाळी घेऊ नका. शिवाराच्या उघड्या बाजूने दुपारचे खारे वारे सुटले की दाट जाळी शिडासारखी फुगते आणि मेढी वाकवते.

बाकी सामान घरचेच : पहार, कुदळ, खोरे, कोयता, पक्कड, टेप, ओळंबा, सुतळी, चुना, जाड हातमोजे आणि एक रिकामी बादली. बादली कशाला ते काढणीच्या वेळी कळेल. नसेल ते म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एका फेरीत मिळून जाते.

मेढी तयार करणे

आपल्याकडचा माणगा या कामाला सगळ्यात चांगला, कारण तो जवळजवळ भरीव असतो, त्याला काटे नसतात आणि तो सरळ वाढतो. काटेरी कोंड्याचा बांबू जाड असला तरी पोकळ असतो, त्याच्यात पाणी साचते. बेटातली तीन-चार वर्षांची काठी निवडा : रंगाने मळकट झालेली, अंगावर पांढरट डाग धरलेली, कोयत्याच्या पाठीने ठोकल्यावर टणक वाजणारी. हिरवीगार तजेलदार काठी यंदाची असते. ती तोडली तर जानेवारीपर्यंत भुंगा तिचे पीठ करतो आणि बेटाचेही नुकसान होते. बांबू आपल्या जागेतला असावा. २०१७ साली भारतीय वन कायद्यात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेरचा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला, पण वनातला बांबू परवानगीशिवाय तोडता येत नाही. लाकडी मेढींसाठी आपल्या आवारातले झाड पाडायचे असले तरी १९८४ च्या गोव्याच्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे आधी परवानगी घ्यावी लागते.

जुनी माणसे बांबू काळोख्या पक्षात तोडतात. मी ते पाळतो, पण त्याहून जास्त भरवसा व्हाळावर ठेवतो. तोडलेल्या काठ्या वाहत्या पाण्यात दगडाखाली दोन-तीन आठवडे दाबून ठेवल्या की त्यातला पिठूळ रस धुऊन जातो. भुंग्याला तोच रस हवा असतो. पाण्यातून काढून त्या सावलीत आडव्या वाळवा. उन्हात टाकल्या तर चिरतात.

आता कापणी. वरचे टोक नेहमी गाठीच्या लगेच वर कापा, म्हणजे पेराची नळी उघडी राहत नाही. नळी उघडी राहिली की दंवाचे पाणी साचते आणि काठी वरून कुजायला लागते. खालचे, जाड टोक तिरके तासून घ्या. जमिनीत जाणारा दोन फुटांचा भाग विस्तवावर फिरवून वरवर काळा होईपर्यंत भाजा. त्याने वाळवी काही महिने लांब राहते, आणि आपल्याला सातच महिने हवे आहेत. काहीजण जळके इंजिन ऑइल फासतात. ज्या मातीत मिरची वाढणार तिथे मी ते घालणार नाही. तुम्हीही घालू नका.

कोपऱ्याच्या चार आणि बेड्याच्या दोन मेढींवर सगळा ताण येतो. कोपऱ्यांसाठी दीड-दोन इंची जीआय पाइप एकदाच घेऊन ठेवला तर वर्षानुवर्षे पुरतो. बेड्याला मात्र जाड लाकडी मेढी हव्यात, कारण त्यांना भोके पाडायची असतात.

सगळ्या मेढी तयार झाल्या की त्यांवर रंगाने क्रमांक घाला. पोरखेळ वाटेल, पण पुढच्या वर्षी कोणती मेढ कोणत्या खड्ड्यातली हे शोधण्यात अर्धा दिवस जात नाही.

आखणी आणि खड्डे

आमच्याकडे पहिला खड्डा मारण्याआधी राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला, नारळ ठेवतात. तो ठेवून झाला की आधी चार कोपऱ्यांना खुंट मारा आणि सुतळी ताणा. कोन काटकोन आहे का ते पाहायला ३, ४ आणि ५ मीटरचा त्रिकोण धरा : कोपऱ्यापासून एका सुतळीवर ३ मीटरवर खूण, दुसरीवर ४ मीटरवर खूण, आणि दोन खुणांमधले अंतर बरोबर ५ मीटर. मळा वाकडा असेल, आणि आपले बहुतेक मळे वाकडेच असतात, तर काटकोनाचा हट्ट सोडा. पण प्रत्येक बाजू मात्र सरळ ठेवा, कारण तार वाकडी ताणली की मधल्या मेढी आत ओढल्या जातात. जिथे वळण टाळता येत नाही तिथली मेढ कोपऱ्याची समजून तिला टेकू द्या.

सुतळीवर अडीच-अडीच मीटरला चुन्याचे ठिपके. आधी कोपरे, मग बेडे, मग मधल्या मेढी. हा क्रम उलटा केला तर शेवटचा गाळा कधीच जमत नाही.

भाताच्या मळ्यात वरची माती नोव्हेंबरात अजून ओलसर असते. तिथे आधी पहारीने दीड-दोन फूट खोल नळी पाडा, पहार गोल फिरवून ती रुंद करा आणि मेढ तिच्यात ठोकून बसवा. ओल्या चिकणमातीची पकड कुठल्याही सिमेंटपेक्षा चांगली, आणि मे महिन्यात थोडे पाणी ओतले की ती सोडतेही. पाइपाच्या मेढींसाठी मात्र नीट खड्डा हवा : ६० सेंटिमीटर खोल आणि मेढीच्या तिप्पट रुंद. तळाला चिऱ्याचे दोन तुकडे, त्यावर मेढ, ओळंब्याने उभी धरायची, मग १५-१५ सेंटिमीटरच्या थराने माती आणि चिऱ्याची बारीक खपली घालत पहारीच्या बोथट टोकाने चेचायची. एकदम खड्डा भरून वरून नाचले तर फक्त वरचे चार बोट घट्ट होतात.

सिमेंट ओतू नका. ज्यांनी ओतले त्यांच्या शेतात नांगराच्या फाळाला ते अजूनही लागते आहे. कायमची जागा हवीच असेल तर एक युक्ती आहे : मेढीपेक्षा थोड्या जाड पीव्हीसी पाइपचा दोन फुटी तुकडा मेरेलगत, नांगर पोचत नाही तिथे, जमिनीच्या पातळीला पुरून ठेवायचा. दर वर्षी मेढ त्यात उतरवायची आणि बाजूने लाकडी पाचर मारायची. मेढ काढली की पाइपावर झाकण घट्ट बसवायचे. उघडे ठेवले तर त्यात बेडूक पडतात, त्यांच्या मागे साप येतो, आणि पावसात कुणाचा तरी पाय जातो.

कोपऱ्याचे टेकू विसरू नका. टेकू मेढीच्या वरच्या तिसऱ्या भागात टेकवून, तारेच्या रेषेतच, आतल्या बाजूला तिरका उतरवायचा आणि त्याच्या पायाशी जमिनीत एक सपाट चिरा उभा पुरायचा, म्हणजे टेकू मातीत रुतत नाही. कोपरा दोन बाजूंना ओढला जातो, म्हणून टेकूही दोन.

तार, जाळी आणि गाठ

तार खालून वर चढवायची. पहिला पदर जमिनीपासून १५ सेंटिमीटरवर, दुसरा ४५ वर, तिसरा ८५ वर, चौथा १२५ वर. तार कोपऱ्याच्या मेढीला दोन वेढे देऊन स्वतःभोवती पिळायची, मधल्या मेढींना नुसती टेकवायची. बांबूला खिळा मारू नका, तो चिरतो. तारेचा बारीक फास करून मेढीला बांधायचे आणि त्या फासाचे टोक मोकळे, बोटभर लांब, बाहेरच्या बाजूला ठेवायचे. मे महिन्यात पकडीने तेच टोक धरून उलटे फिरवले की फास सुटतो. टोक तासून-दाबून सुबक केलेला फास दिसायला छान, काढायला त्रास.

ताण देण्यासाठी यंत्र लागत नाही. दोन मेढींच्या मध्ये तारेला हातभर जाड दांडी अडकवून पीळ द्या आणि दांडी शेजारच्या पदराला बांधून ठेवा. तार सैल पडली की आणखी एक फेरा, काढायच्या वेळी उलटे फेरे. थंड सकाळी ताणलेली तार दुपारच्या उन्हात सैल पडते, हे लक्षात ठेवून ताण दुपारी पाहावा. बोटाने दाबल्यावर दोन-तीन बोटे आत जावी इतका ताण पुरे.

जाळी तारेच्या आतल्या बाजूने की बाहेरच्या? डुक्कर असेल तर बाहेरच्या. तिचा खालचा एक फूट जमिनीवर बाहेर दुमडून पसरायचा आणि त्यावर हातभर अंतराने चिऱ्याचे तुकडे ठेवायचे. डुक्कर वईच्या पायाशी येते, उकरायला लागते, पण ते ज्या जागी उभे असते तीच जाळी त्याच्या पायाखाली असते. जाळी ताणून बसवा. सैल लोंबणाऱ्या जाळीत धामण अडकते, आणि उंदीर खाणारी धामण म्हणजे आपल्या मळ्याची राखणदारच. फाटकी नायलॉनची मासेमारी जाळी तर वईला लावूच नका. तिच्यात साप, घोरपड, पाखरे सगळी अडकून मरतात.

जाळी बांधायला मी काथ्याचे सुंभ वापरतो. ते सात महिने टिकते, आणि राहिलेच शेतात तर मातीत जाते. जुन्या साड्या लावायच्या तर लावा, काही दिवस डुक्कर बिचकते. पण त्या भरवशावर खालची जाळी टाळू नका.

बेडे

वईचे फाटक म्हणून लोखंडी सांगाडा घडवून आणण्याची गरज नाही. आपले जुने बेडे याहून चांगले चालते. दोन जाड लाकडी मेढींना एकसारख्या उंचीवर तीन-तीन भोके पाडायची आणि त्यांतून तीन आडवे बांबू सरकवायचे. एका बाजूची भोके आरपार, दुसऱ्या बाजूची अर्धी. माणूस वरचा बांबू सरकवून जातो, बैलगाडी किंवा पॉवर टिलर जायचा असेल तेव्हा तिन्ही काढायचे. रुंदी दोन मीटर ठेवा. टिलर आणि पाण्याची टाकी त्यातून जाते. पायवाटेवरचे बेडे मात्र कधी तारेने बांधून ठेवू नका. संध्याकाळी तिथून परतणारी म्हातारी माणसे काळोखात ती गाठ सोडू शकत नाहीत.

सड्यावर, जत्रेत, बांधकामाभोवती

सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट माळावर, वर जांभ्याचा टणक पापुद्रा असतो आणि पहार नुसती ठिणग्या उडवते. तिथे खड्ड्याचा हट्ट सोडून वजनाची वई करावी. पाइपाच्या चौकटी, त्यांना जाळी, आणि प्रत्येक जोडाखाली वजन : पत्र्याच्या डब्यात काँक्रीट भरून त्यात उभा केलेला पाइपाचा तुकडा, किंवा सरळ चार चिऱ्यांचा पाया. चौकट त्या तुकड्यात उतरवायची आणि दोन चौकटी वर आणि खाली अशा दोन ठिकाणी जोडायच्या. एकाच ठिकाणी जोडल्या तर त्या दाराच्या पाखासारख्या हलतात. दर तिसऱ्या जोडाला आतल्या बाजूने तिरका टेकू आणि त्याच्या पायावर आणखी वजन. चौकटीवर बॅनर किंवा दाट कापड बांधले की वाऱ्याचा रेटा कितीतरी पटीने वाढतो, हे मंडपवाल्यांनाही सांगावे लागते.

जत्रेत पालखीची वाट आधी आखा आणि वई नंतर. गाडी आत येईल अशी चार मीटर रुंद मोकळी वाट एका बाजूला राखा, बाहेर उघडणारी फाटके ठेवा आणि ती दशावतार संपेपर्यंत कुलूपबंद करू नका. घराच्या बांधकामाभोवती पत्रे लावले असतील तर पहिल्या वळवाच्या आधी ते नक्की तपासा किंवा उतरवून ठेवा. वाऱ्यात सुटलेला पत्रा रस्त्यावरच्या माणसाला कापतो. रस्त्यालगत वई घालण्याआधी पंचायतीला विचारणे हे ओघानेच आले.

देखरेख

आठवड्यातून एक फेरी पुरे. खालचा पदर, कोपऱ्याचे टेकू, पीळ दिलेल्या दांड्या, एवढेच पाहायचे. समुद्राकडच्या मळ्यांत आणि खाजनाच्या (खाडीलगतच्या खाऱ्या शेतीच्या) काठी तार फेब्रुवारीपासूनच गंजायला लागते. तिथे खालचा पदर दर वर्षी बदलावा लागेल असे धरून चाला.

काढणी

मिरची मे महिन्यापर्यंत तोडली जाते. शेवटची तोड झाली की ढग दाटण्याची वाट पाहू नका. २५ मे ही तारीख मी स्वतःला घालून घेतली आहे. त्यानंतर कधीही वळीव येतो, माती लोण्यासारखी होते, जाळी चिखलात गाडली जाते, आणि सुटलेली जाळी व्हाळातून वाहत जाऊन रस्त्याखालच्या मोरीत अडकते. मोरी तुंबली की पाणी वरच्या वाड्यात शिरते. आपली वई दुसऱ्याच्या घरात पाणी घालते, हे मी पाहिले आहे.

घालताना जे शेवटी केले ते आधी काढायचे. सकाळी दंव उतरल्यावर सुरुवात करा. आधी काठी घेऊन वईच्या पायाशी आपटत एक फेरी मारा, दुमडलेल्या जाळीखाली साप विसावलेला असतो. मग चिरे उचला, पण हात खाली न घालता, चिरा आपल्यापासून दूरच्या कडेने वर करून. सुंभ सोडा, जाळी झटका आणि मेढीमेढीने गुंडाळत जा.

तार काढताना घाई कराल तर डोळा जाईल. ताणलेली तार कधीही कापू नका. ती चाबकासारखी परत येते. आधी सगळ्या दांड्यांचे पीळ उलटे फिरवून ताण उतरवा, मग मधले फास, सर्वांत शेवटी कोपऱ्याचे वेढे. हातमोजे आणि चष्मा घाला, तारेच्या रेषेत उभे राहू नका, पोरांना लांब ठेवा. निघालेली तार जुन्या सायकलच्या रिमवर गुंडाळली की गुंता होत नाही, आणि प्रत्येक गुंडाळीला बाजूचे नाव लिहिलेली पट्टी बांधली की पुढच्या वर्षी लांबी मोजावी लागत नाही.

आता बादली. सोडलेला प्रत्येक फास, तुटलेला प्रत्येक तुकडा त्याच क्षणी बादलीत टाका. खिशात नको, मेरेवर नको, नंतर गोळा करू असेही नको. आमची एक गाय एका पावसाळ्यात चरणे सोडून पाठ वाकवून उभी राहू लागली. डॉक्टरांनी सांगितले की पोटात तार गेली आहे. गाय गवत जिभेने ओढून न चावता गिळते. त्याबरोबर बोटभर तारेचा तुकडा गेला की तो जठराच्या पुढच्या कप्प्यात अडकतो, आणि तो कप्पा हृदयाला लागूनच असतो. तुकडा हळूहळू तिकडे सरकतो. ती गाय वाचली नाही. ती तार आमच्याच वईची होती की कुणाची, हे कळायला मार्ग नव्हता. पण तेव्हापासून काढणी झाल्यावर मी जुन्या स्पीकरमधले लोहचुंबक दोरीला बांधून वईच्या सगळ्या रेषेवरून फिरवतो. दर वर्षी काहीतरी निघतेच.

मेढी उपटण्याआधी आदल्या संध्याकाळी प्रत्येक बुंध्यात तांब्याभर पाणी ओता. सकाळी मेढ चारी दिशांना हलवा, मग सरळ वर ओढा. वाकवून ओढलीत तर जमिनीलगत मोडते आणि बुडखा आत राहतो. न निघणाऱ्या मेढीला दोरीचे दोन वेढे द्या, शेजारी चिरा ठेवा, त्यावर पहार टेकवून तिच्या टोकाने दोरी उचला. तरफेने अगदी रुतलेला पाइपही निघतो. मोडलेला बुडखा कुदळीने खणून काढलाच पाहिजे. चिखलणी करताना अनवाणी पायाला त्याच्यासारखे दुसरे टोचत नाही.

खड्डा लगेच भरायचा. मेढ काढली, खड्डा भरला, पहारीने चेचला, मगच पुढची मेढ. सगळ्या काढून झाल्यावर भरू म्हणणाऱ्यांचे अर्धे खड्डे तसेच राहतात. पहिल्या पावसात ते पाण्याने भरतात, दिसत नाहीत, आणि बैलाचा पाय त्यात जातो. मेरेजवळचे खड्डे चिकणमातीनेच भरा; सैल मातीतून पाणी मुरून मेर पोखरते.

ठेवण

जाळी व्हाळावर धुवा, पूर्ण वाळवा आणि गुंडाळून माळ्यावर दोरीला टांगा. जमिनीवर ठेवलेल्या जाळीत उंदीर घर करतात. बांबू पडवीत तीन ओंडक्यांवर आडवे रचा, खालूनही वारा जाईल असे. बुंध्याकडचा भाग नखाने दाबून पाहा. नख रुतले तर तो तुकडा कापून टाका आणि उरलेल्या काठीचा पुढच्या वर्षी टेकू करा. तारेला किंचित खोबरेल तेलाचा बोळा फिरवा. बादलीतले तुकडे भंगारवाल्याला द्या. आणि वहीत लिहून ठेवा : किती मेढी मोडल्या, कोणत्या गाळ्यातून डुक्कर शिरले, तार किती उरली, बेड्याचा कोणता बांबू किडला. पुनवेच्या आधी ही वही उघडली की सामानाची यादी तयार असते.